खळ्यावरची फुली

१

काशीद सोडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. त्यांतल्या एका वाडीत चौबळांचं घर आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शनिवार-रविवारी मोटारी घेऊन याल आणि प्रमोदिनीबाईंच्या दारात उभ्या करून बीच कुठे आहे म्हणून विचाराल. बाईंना ते खपत नाही. बहात्तर वर्षांच्या आहेत, गावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, आणि त्यांचा आवाज अजून मैदानाच्या त्या टोकाला पोचतो.

दिवाळी झाली की वाड्यांमधून खळं करायचं काम निघतं. पावसात उखडलेलं अंगण खणायचं, पाणी मारून मुरवायचं, चोपून सपाट करायचं आणि शेणानं सारवायचं. मग त्यावर सालासकट सुपारी पसरली की ती महिना-सव्वा महिना उन्हात वाळत पडते. चौबळांच्या घरी या कामात एक दिवस जास्तीचा असतो. सारवण झालं की सुपारी पडण्याआधी एक दुपारभर खळ्यावर पांढरी फुली घालतात. मांजरपाटाचे दोन लांबलचक पट्टे, मध्यावर एकमेकांना शिवलेले. उन्हं कलली की घडी करून पेटीत. का, ते कोणी विचारत नाही. दत्तूकाकाची फुली, एवढंच.

दत्तूकाका म्हणजे दत्तात्रेय चौबळ, बाईंच्या वडिलांचा थोरला भाऊ. बाईंनी त्याला कधी पाहिलं नाही. तरी काका म्हणायच्या आणि अरेतुरे करायच्या, कारण त्याचं वय चोविसावर थांबलेलं. तो जुहूला विमान चालवायला शिकला आणि चाळीस साली, कोणाची सक्ती नसताना, आपणहून नाव देऊन बोटीनं विलायतेला गेला. तिथे हरिकेन नावाचं, एकाच माणसाला बसता येईल असं लढाऊ विमान चालवायचा. बेचाळीस साली तिकडच्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या बाजूच्या समुद्रावर गेला तो परत आला नाही. विमान सापडलं नाही, देह सापडला नाही. घरी तार आली, मागाहून पदकं आली. इथे चले जावची धामधूम चालू होती. चौबळांचा पोर गोऱ्यांसाठी मेला, असं गावातले काही जण म्हणाले. बाईंकडे त्याला उत्तर तयार असायचं. तो गोऱ्यांसाठी नाही, हिटलरच्या विरुद्ध गेला होता, आणि ज्यांनी कधी होडीतून खाडी ओलांडली नाही त्यांनी त्याला शहाणपण शिकवू नये.

हे सगळं बाईंनी न सांगितलेला माणूस गावात सापडायचा नाही. विजेचा मीटर बघायला येणाऱ्यालाही ते पाठ झालंय. शाळेत तर दर वर्षी शिस्तीच्या तासाला एक गोष्ट ठरलेली. जुहूला शिकत असताना एकदा खालून खूण झाली, उतरू नका. बाकीची पोरं कंटाळून उतरली आणि बोलणी खाल्ली. दत्तूकाका एकटा वर घिरट्या घालत राहिला, टाकीत तळाशी पेट्रोल उरेपर्यंत. खालून खूण बदलल्याशिवाय तो उतरला नाही. सांगितलेलं ऐकणं म्हणजे काय, ते यावरून शिका, असं बाई म्हणायच्या.

ही फुली घालायची रीत त्याच्या आईची. सत्यवतीआजी. बाई पंधरा वर्षांच्या असताना ती गेली. तिला लिहिता-वाचता येत नाही असं सगळे धरून चालत. पण घरात तिचा शब्द चालायचा. दत्तूचं श्राद्ध घालायचं नाही, फोटोला हार घालायचा नाही, आणि फुली चुकवायची नाही, हे तिचे तीन शब्द. ते आजवर पाळले गेले.

यंदाचं खळं शेवटचं होतं. समुद्राच्या कडेनं नवा रुंद रस्ता येत होता, आणि वाडीचा पुढचा तुकडा खळ्यासकट त्यात जाणार होता.

२

गणपती झाल्यावर मोजणीवाले आले आणि खळ्यापुढचे सव्वीस माड पडले. ओट्यावर बसलं की आता थेट पाणी दिसायचं. बाईंना ते नागडं वाटायचं. जन्मभर झावळ्यांमधून पाहिलेला समुद्र असा समोर येऊन बसेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

खळं चोपायला काढलं त्या दुपारी त्या ओट्यावर चहा घेत बसल्या होत्या. आवडाबाई आणि तिचा मुलगा हरेश्वर, दोघं वाडीत काम करणारे, विहिरीवर पाणी प्यायला गेले होते. तेवढ्यात खळ्यावरून एक सावली गेली. समुद्राकडून आली आणि घरावरून डोंगराकडे गेली. डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ. बाईंनी वर पाहिलं. आकाश कोरडं निळं होतं. घार असेल म्हणून त्यांनी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी परत. बाईंनी घड्याळ पाहिलं, तीन वाजून वीस मिनिटं. मुंबईला जाणारं विमान असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि लगेच त्यांच्यातली विज्ञानाची बाई उठून उभी राहिली. एवढ्या उंचीवरच्या विमानाची सावली जमिनीवर दिसत नाही. वस्तू जितकी उंच तितकी सावलीची कड पुसट होत जाते आणि शेवटी विरून जाते. हे त्यांनी सातवीच्या मुलांना पुठ्ठा आणि कंदील घेऊन तीस वर्षं दाखवलं होतं. शिवाय आवाज नव्हता. खाली येणारं विमान आवाज केल्याशिवाय कसं जाईल?

तिसऱ्या दिवशी त्या तयारीनं बसल्या. सावलीचं एक टोक तुळशीवृंदावनावरून गेलं आणि दुसरं विहिरीच्या कठड्यावरून, हे त्यांनी नीट पाहिलं. मग टेप घेऊन हरेश्वरला त्याचं दुसरं टोक धरायला लावलं. चाळीस फूट भरले. हरेश्वरला वाटलं रस्त्यात किती जाणार ते बाई मोजतायत, आणि बाईंनी त्याला तसंच वाटू दिलं. मग आत जाऊन शाळेसाठी लिहिलेली दत्तूकाकाची माहिती काढली. त्यात विमानाचं वजन होतं, वेग होता, आणि पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस फूट, असंही होतं. अक्षर त्यांचंच होतं.

चाळीस फुटांच्या वस्तू जगात पुष्कळ असतात, असं म्हणून त्यांनी वही मिटली. पण चौथ्या दिवशी सावली आली तेव्हा त्यांनी लांबीकडे पाहिलंच नाही. त्यांनी कड पाहिली. काल ती पाण्यात पडलेल्या शाईसारखी पसरट होती. आज तिला रेघ आली होती.

३

त्या आठवड्यात क्षिप्रा आली. धाकट्या भावाची मुलगी, पनवेलला राहते, घरून काम करते म्हणजे दिवसभर कानाला यंत्र लावून कोणाला तरी हो-हो म्हणत असते. रस्त्याचं काम सुरू होण्याआधी जुनी कागदपत्रं आवरायला बाईंनी तिला बोलावलं होतं. तिला बोलावण्याचं आणखी एक कारण होतं. दत्तूकाकाची चार पत्रं होती आणि ती चारही मोडीत लिहिलेली. बाईंना मोडी येत नव्हती. तीस वर्षं सभेत त्यांतली तीन उंच धरून दाखवली, पण त्यांतलं एक अक्षर लागत नव्हतं. क्षिप्रानं हौस म्हणून मोडीचा वर्ग केला होता.

तीन पत्रं पेटीत मिळाली. खाणंपिणं, थंडी, धाकट्या भावंडांची चौकशी, आईची आठवण. बाईंनी ती डोळे पुसत ऐकली. चौथं पत्र दत्तूकाकाच्या फोटोच्या चौकटीत, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवलेलं होतं, लिहिलेली बाजू वर. ते बेचाळीसच्या वसंतातलं, म्हणजे शेवटचं. क्षिप्रा खिडकीशी बसून हळूहळू वाचत गेली.

"तीर्थरूप आईस दत्तूचा शिरसाष्टांग नमस्कार. लढाई संपली की जुहूहून विमान मागून घेईन आणि पहिली फेरी आपल्या घरावर मारीन. खळं वरून ओळखू येईल. पुढची पुळण कोरडी असेल तर खळ्यावर पांढऱ्या धोतरांची अशी खूण घाल, म्हणजे मी पुळणीवर उतरेन. वाळू ओली असेल, जमीन वाईट असेल, तर अशी खूण घाल. मग मी उतरणार नाही, वरून हात हलवून जाईन. जी खूण दिसेल ती पाळीन."

दोन्ही ठिकाणी त्यानं चित्र काढलं होतं. पहिलं हातोड्यासारखं, एक उभी रेघ आणि तिच्या टोकावर आडवी. दुसरं होतं फुलीचं.

बाईंनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट कोनात धरलं, चष्मा पुसून परत पाहिलं. फुली ती फुलीच राहिली. मग त्या पलंगावर बसल्या. आजीला वाचता येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवलं असेल, दोन चित्रांत तिची गफलत झाली असेल. एका आईची साधी चूक, आणि ती चूक या घरानं ऐंशीहून जास्त वर्षं भक्तीनं जपली. दर वर्षी शेण सारवून, स्वच्छ कापड घालून, त्याला सांगितलं की येऊ नकोस.

"आणि तो ऐकत राहिला," बाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्या रडण्यात अभिमानच जास्त होता. "दुसरा कोणी असता तर कधीच उतरला असता."

क्षिप्रानं आत्याकडे पाहिलं. आत्या आजवर तिच्याशी असलं काही बोलली नव्हती. तिनं खोदून विचारलं तेव्हा बाईंनी सावलीचं सांगितलं, मग दुपारी ती ओट्यावर आत्याच्या शेजारी येऊन बसली. तीन वीसला सावली गेली. क्षिप्राला ती दिसली. ती म्हणाली, ड्रोन असेल, हल्ली रस्त्याची पाहणी ड्रोननं करतात. चाळीस फुटांचा ड्रोन कुठे मिळतो हे बाईंनी तिला विचारलं नाही.

४

बाईंचं ठरलं. खळं आणखी एकदाच सारवलं जाणार होतं. पुढच्या दिवाळीला तिथे डांबर असणार. त्याला खाली बोलवायचं असेल तर ते यंदाच, आणि आपल्याच हातून. नाहीतर तो घिरट्या घालत राहील आणि खूण करायला खाली कोणीच उरणार नाही. जन्मभर ज्याचं नाव सांगून आपण ताठ मानेनं वावरलो त्याला दारातून परत लावायचं, हे त्यांना सहन होईना.

फुलीच्या आदल्या दिवशी त्या पट्टे काढून शिवण उसवायला बसल्या. कापड अधूनमधून बदललेलं होतं, पण दर वेळी जुनी शिवण बघून नवी तशीच घातलेली. मध्यावर वीतभर चौकोनात टाके इतके दाट होते की कात्रीचं टोक आत जाईना. वाऱ्यानं सुटू नये म्हणून कोणी एवढं शिवत नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण तेवढ्यात आवडाबाई आली.

आवडाबाई सत्तरीची, सासूच्या मागून याच वाडीत राबलेली. तिनं टोपली खाली ठेवली आणि बाईंच्या हातातली कात्री बघत उभी राहिली.

"बाई, ती शिवन उसवू नका. माझी सासू सांगं, म्हातारीनं पयल्या साली येगळंच काय ते घातलं व्हतं. एकदाच. दुसऱ्या दिशी अख्ख्या खल्याची माती खनून समिंदरात टाकाया लावली. का, ते कुनाला बोलली न्हाय. मंग बसली शिवाया."

बाईंनी तिला विचारलं, सासूनं स्वतः काय पाहिलं. आवडाबाई म्हणाली, सासूनं माती वाहिली. माती भाजल्यासारखी होती, विटेच्या भट्टीतली असते तशी. एवढंच आपल्याला माहीत आहे.

अशिक्षित माणसं एका गोष्टीला दहा गोष्टी जोडतात, असं बाईंनी मनात म्हटलं आणि उसवणं पुढे चालू ठेवलं. अंधार पडायच्या आत शेवटचा टाका निघाला. पट्टे सुटे झाले तेव्हा त्यांना मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, पण पाठ दुखत होती, म्हणून असेल.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतली नारायणपेठी नेसली. हरेश्वर आणि आवडाबाईला सुट्टी दिली. दूरवरून माणूस आला की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं आणि मगच आत घ्यायचं, ही या घरची पद्धत. म्हणून सकाळीच एक भाकरी थापली, तांब्यात पाणी भरलं आणि दोन्ही ओट्यावर आणून ठेवलं. क्षिप्रा आतल्या खोलीत कामावर बसली होती. तिचं हो-हो दारातून ऐकू येत होतं.

अडीच वाजता बाईंनी ओलसर सारवणावर पट्टे घातले. एक लांब, समुद्राकडून घराकडे. दुसरा त्याच्या टोकावर आडवा, ओट्याच्या पायरीला समांतर. चारी टोकांना नारळ ठेवले. मग पायऱ्या चढून त्या उभ्या राहिल्या, झेंडावंदनाला उभ्या राहतात तशा. खुर्चीवर बसायचं त्यांना योग्य वाटेना.

तीन वाजून वीस मिनिटांनी सावली आली. कड कात्रीनं कापावी तशी होती. ती सावकाश आली, पडलेल्या माडांच्या मोकळ्या जागेतून. खळ्यावर आली आणि पुढे गेली नाही.

आवाज थांबले होते. लाटांचा नव्हता, कावळ्यांचा नव्हता, क्षिप्राचाही नव्हता. बाईंना आपला स्वतःचा श्वास ऐकू येईना. सावली हलत नव्हती, नुसती काळी होत होती. मग एका क्षणी ती नव्हती, आणि पट्ट्याच्या त्या टोकाशी सारवणावर पाऊल उमटलेलं होतं.

दुसरं त्याच्या पुढे. बुटाचं पाऊल. पाऊल पडलं की भोवतीचं ओलं शेण पांढरं पडायचं आणि तडकायचं, चुलीपुढची जमीन तडकते तसं. पेट्रोलचा वास आला. त्याच्यामागून केस जळल्याचा आला. बाईंना भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्याही वर त्यांना अभिमान वाटत होता. दोन पावलांमधलं अंतर सारखं होतं. सगळी पावलं पट्ट्याच्या कडेकडेनं, एका रेषेत पडली होती.

पावलं पायरीशी आली आणि थांबली. बाईंना समोर पाहवेना. त्यांनी नजर खांबावर ठेवली. त्या खांबावर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, एक हात आला. वैमानिक घालतात तसला कातडी हातमोजा, असं त्यांना वाटलं. मनगटाशी तो सुरकुतून सुटत आला होता. मग त्यांनी बोटं पाहिली. तो हातमोजा नव्हता.

"आई," तो म्हणाला.

आवाज कोवळा होता, आणि फार दुखत असलेलं लपवणारा. तो बाईंना म्हणाला नव्हता. त्यांच्या खांद्यावरून, आत माजघराकडे म्हणाला होता.

तांब्या बाईंनी उचलून हातात घेतला होता. भाकरतुकडा ओवाळला की तो आत येणार, हे त्यांना कळलं. आत आला की जे त्या परक्या समुद्रावर झालं ते इथे, या घरात, पुरं होणार. वर होता तोवर तो नुसता उडत होता. खाली आला तो असा आला. आजीनं पहिल्या वर्षी हाच हात पाहिला होता, आणि पाहून सुईदोरा घेतला होता.

बाईंनी तांब्या खाली ठेवला. त्या हाताच्या शेजारून, पदर आवरून, त्या पायऱ्या उतरल्या. कुठून बळ आलं ते त्यांना आजही सांगता येत नाही. आडव्या पट्ट्याचं टोक धरून त्यांनी तो ओढला, लांब पट्ट्यावरून तिरपा आणला, मग दुसरंही टोक ओढलं. नारळ गडगडत गेले. फुली वाकडी झाली, पण फुली झाली. मग मागे न वळता, शाळेच्या मैदानावर द्यायच्या त्या आवाजात त्या म्हणाल्या,

"दत्तूकाका, जमीन वाईट आहे. उतरायचं नाही."

काही वेळ काहीच झालं नाही. त्यानंतर मागे, अगदी जवळ, दोन टाचा एकमेकींना जुळल्याचा आवाज आला. कडक, स्वच्छ.

त्यापाठोपाठ एकदम लाटा ऐकू आल्या.

६

क्षिप्रा बाहेर आली तेव्हा आत्या खळ्यावर मांडी घालून बसली होती आणि नारायणपेठीला शेण लागलं होतं. क्षिप्रानं तिला उठवलं, ओट्यावर आणलं, पाणी देण्यासाठी तांब्या उचलला आणि चटका बसून सोडून दिला. पाणी कढत होतं. तिनं खळ्याकडे पाहिलं. सारवणावर समुद्राच्या टोकापासून पायरीपर्यंत वाळक्या तडकलेल्या जागा होत्या, सारख्या अंतरावर. पांढऱ्या पट्ट्यावर टाचेएवढा तपकिरी डाग होता, इस्त्री विसरली की पडतो तसा.

ड्रोनचं नाव तिनं परत काढलं नाही. बाईंनी जेवढं सांगितलं तेवढं ऐकलं. हाताबद्दल बाईंनी तिला अर्धंच सांगितलं.

संध्याकाळी, काहीतरी करायचं म्हणून, क्षिप्रानं ते चौथं पत्र पुठ्ठ्यावरून सोडवायला घेतलं. वाफ दिली तसा जुना डिंक सुटला. पत्राच्या मागच्या बाजूला मोडीतच दोन ओळी होत्या. अक्षर दत्तूकाकाचं नव्हतं. मोठं, जोर देऊन काढलेलं, कागद आरपार उठलेला.

क्षिप्रा वाचताना अडखळली नाही.

"पुळण कोरडी आहे. तरी फुली घालते. दत्तू, तू वर बरा आहेस. आई."

बाईंनी ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. आजीला वाचता येत होतं, लिहिता येत होतं, आणि तिनं दोन चित्रांत मुळीच गफलत केली नव्हती. पोर दारात आलेलं असताना त्याला परत पाठवायचं, आणि मग जन्मभर दर वर्षी पाठवत राहायचं. लोक आपल्याला वेडी म्हणतात ते ऐकून घ्यायचं. दत्तूकाकाच्या शिस्तीची गोष्ट सांगताना आपण तीस वर्षं चुकीच्या माणसापाशी थांबलो, असं बाईंना वाटलं. तो ज्या घरातून गेला त्या घरात ती शिस्त आधीपासून होती.

७

माघात खळं गेलं. रस्ता भराभर झाला. होळीच्या सुमाराला डांबर पडलं, घराच्या ओट्यापासून वीस पावलांवर, आणि बाई पहिल्यांदा त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना एक झाड नाही. काळा, सपाट, सरळ, नजर पोचेल तिथपर्यंत.

तिथे काम बघणारा मुलगा होता, गणराज नावाचा, पेणकडचा. एव्हाना बाईंच्या गोष्टी त्यानंही ऐकून घेतल्या होत्या. तो खुशीत होता.

"कसा झालाय सांगा रोड. विमान उतरंल बाई याच्यावर."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. चांगल्या रस्त्याबद्दल सगळेच असं म्हणतात. त्यांनी विचारलं, झालं का सगळं काम. तो म्हणाला, पांढरे पट्टे तेवढे राहिलेत. परवा मारणार. मधून एक सरळ, काशीदपर्यंत.

त्या घरी आल्या आणि क्षिप्राला फोन केला. मांजरपाट आण, म्हणाल्या. मिळेल तेवढं. क्षिप्रानं का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापडाचा अख्खा तागाच गाडीत घालून आली, आणि रजा टाकून आली होती. हरेश्वर शिडी लावून कौलांवर चढला. फुली आता छपरावर घालायची होती, आधीच्या चौपट मोठी, आणि वर्षातून एकदा नव्हे. ती रोजच राहणार होती, ऊनपाऊस खात, फाटली की दुसरी.

दत्तूकाका आधी घराकडे बघेल आणि रस्त्याकडे नंतर, याबद्दल बाईंना शंका नव्हती. घरच्यांनी केलेली खूण तो पाळेल, हेही त्यांना ठाऊक होतं. तो तसाच होता. त्यांना काळजी होती ती वेगळीच. त्या बहात्तर वर्षांच्या होत्या, आणि रस्ता बराच काळ टिकेल असा दिसत होता.

क्षिप्रा ओट्यावर पट्टे पसरून सुई ओवत होती. दोन्ही कापडं मध्यावर जुळवून तिनं पहिला टाका घातला, दुसरा घातला, आणि मान वर केली.

"आत्या, किती टाके घालायचे?"

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

"मोजू नकोस. घट्ट घाल."